प्रिप्यातचा पिवळा पाळणा

जत्रेतला पाळणा आपल्याला नवा नाही. ग्रामदैवताची यात्रा जवळ आली की पालखीच्या आधी पाळणेवाल्याची मालमोटार गावात येते. खांब उभे राहतात, डबे टांगले जातात, आणि शाळा सुटली रे सुटली की पोरे तिथे जमतात. चार दिवस पाळणा फिरतो. पाचव्या दिवशी तो सुटा होऊन पुढच्या गावाला जातो. मागे राहतात ते खांबांचे खड्डे आणि शेंगांची टरफले. पण समजा, पाळणा उभारला, रंगवला, त्याच्या उद्घाटनाचा दिवसही ठरला, आणि तो दिवस उजाडायच्या आत सारे गावच उठून गेले. पाळणा मात्र तिथेच राहिला, चाळीसेक वर्षे. असा एक पाळणा खरोखरच आहे.

युक्रेन देशात, राजधानी कीव्हपासून उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर प्रिप्यात नावाचे ओसाड शहर आहे. चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातील कामगारांसाठी ते १९७० साली वसवले गेले. केंद्रापासून अंतर अवघे तीन किलोमीटर. १९८६ साली तिथे ४९ हजारांच्या आसपास वस्ती होती आणि त्यात तरुण जोडपी व लहान मुले फार. या मुलांसाठी शहराच्या मध्यभागी, सांस्कृतिक भवनाच्या मागच्या मोकळ्या जागेत एक करमणूक बाग उभारण्यात आली. २६ मीटर उंचीचा, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढा, पिवळ्या डब्यांचा आकाशपाळणा. एकमेकांवर आदळायच्या विजेच्या छोट्या मोटारी. होड्यांचे झोके आणि गोल फिरणारी आसने. १ मे १९८६ रोजी, कामगार दिनाच्या सणाला, बाग रीतसर उघडायची होती.

२६ एप्रिलच्या पहाटे, रात्री १ वाजून २३ मिनिटांनी, केंद्रातील चौथ्या क्रमांकाच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास, सुमारे १,२०० बसगाड्या लावून सारे शहर रिकामे करण्यात आले. लोकांना सांगितले होते, तीनेक दिवसांचा प्रश्न आहे, कागदपत्रे आणि गरजेपुरते सामान घ्या. कुत्री-मांजरी घरी ठेवून लोक निघाले. परत राहायला कोणी आले नाही. १ मेचे उद्घाटन झालेच नाही.

मी त्या वेळी दहावीत होतो. आकाशवाणीच्या बातम्यांत चेर्नोबिलचे नाव ऐकल्याचे आठवते, पण तो आपल्यापासून फार लांबचा मामला वाटला होता. पुढे शेतकीचे शिक्षण झाले, माती आणि खतांशी रोजचा संबंध आला, तेव्हा कळले की त्या घटनेतला निम्मा भाग शेतीचाच आहे. आणि अगदी अलीकडे त्या बागेचे फोटो घरातच पाहायला मिळाले. माझ्या चुलतभावाचा मुलगा वैद्यकीय शिक्षणासाठी कीव्हला होता. महाराष्ट्रातली पुष्कळ मुले त्या काळी तिकडे शिकायला जात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. २०१९ च्या शरद ऋतूत तो मित्रांबरोबर एका दिवसाच्या सहलीने प्रिप्यातला जाऊन आला. २०२२ च्या मार्चमध्ये युद्धामुळे सारे सामान तिकडे टाकून परतावे लागले, पण मोबाईल खिशात होता म्हणून फोटो वाचले.

या ओसाड शहराकडे जाणे म्हणजे किल्ला पाहायला जाणे नव्हे. केंद्राच्या भोवती तीस किलोमीटरचा प्रतिबंधित प्रदेश आखलेला आहे. २०११ पासून तिथे रीतसर परवान्याने प्रवाशांना नेऊ लागले, आणि एकट्या २०१९ साली सव्वा लाखाच्या जवळपास माणसे जाऊन आली. नाक्यावर पारपत्र तपासायचे, बरोबर सरकारमान्य वाटाड्या हवाच. अंगभर कपडे, बंद बूट. उघड्यावर खायचे-प्यायचे नाही. कशाला हात लावायचा नाही, कुठे बसायचे नाही, काही उचलून आणायचे नाही, आणि कॅमेरा किंवा पिशवी जमिनीवर ठेवायची नाही. हा शेवटचा नियम फोटो काढणाऱ्यांना फार जाचतो, कारण चांगला फोटो बहुधा जमिनीलगतूनच निघतो.

पोराने पहिला फोटो काढला तो अर्थातच पाळण्याचा. भवनाच्या मागून वळले की झाडांच्या शेंड्यांवर एकदम पिवळे डबे दिसतात. डब्यांचा रंग अजून बराच टिकलेला आहे. सांगाडा मात्र पार गंजला आहे. खाली एके काळी डांबर आणि काँक्रीटची फरसबंदी होती. तिच्या सांध्यांतून बर्च आणि पॉपलरची झाडे वर आली आहेत, काही तर मनगटाएवढ्या नव्हे, मांडीएवढ्या बुंध्याची. टकरीच्या मोटारींचा मंडप उघडा पडला आहे, आणि त्यात मोटारी वेड्यावाकड्या उभ्या आहेत, जशा कोणी आताच खेळून उतरले असावे. त्यांच्या आत पाने कुजून चांगले कंपोस्ट झाले आहे आणि त्यातही रोपे उगवली आहेत. मला विचाराल तर पाळण्यापेक्षा हा फोटो अधिक चांगला आहे.

पण मी थांबलो तो तिसऱ्या फोटोशी. त्यात पाहण्यासारखे असे काहीच नाही. फरसबंदीची एक भेग, तिच्यात हिरवेगार शेवाळ, आणि त्यावर वाटाड्याच्या हातातले किरणोत्सर्ग मोजायचे यंत्र. पोराने सांगितले, "काका, काँक्रीटवर यंत्र सावकाश टिकटिकत होतं. दोन हात बाजूला शेवाळावर नेलं, तर एकदम कर्कश ओरडायला लागलं. आकडा कितीतरी पटींनी वर गेला. जागा तीच, माती तीच, मग असं कसं?"

त्याला जे समजावून सांगितले तेच तुम्हांला सांगतो.

माती परीक्षणासाठी नमुना घेताना आपण काय करतो? शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून माती घेतो. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती टाळतो. का? कारण एकाच शेतात दहा पावलांवर मातीचा गुण बदलतो. अणुभट्टीतून उडालेली किरणोत्सारी धूळही अशीच असमान पडली. वारा जिकडे वळला, पाऊस जिथे कोसळला, तिथे जास्त. प्रिप्यातचे रस्ते आणि फरशा नंतर लष्कराच्या तुकड्यांनी पाण्याने धुऊन काढल्या. फरशी धुतली गेली, पण धुतलेले पाणी कुठे जाणार? भेगांत, कडेच्या मातीत. आणि शेवाळाला खऱ्या अर्थाने मुळे नसतात. पावसाळ्यात आपल्या कौलांवर, विहिरीच्या कठड्यावर ते येते, तिथे माती कुठे असते? पाऊस आणि हवेतली धूळ यांतूनच ते आपले अन्न घेते आणि घेतलेले धरून ठेवते. पाणी वाहत येऊन जिथे मुरते तिथेच ते वाढते, आणि जे काही वाहत येते ते सारे त्याच्यात जमा होते. म्हणून त्या बागेत पाळण्याला घाबरायचे कारण कमी आणि पायाखालच्या मखमली हिरवळीला जास्त.

या धुळीत मुख्यतः जे टिकून राहिले ते सिझियम-१३७ नावाचे द्रव्य. त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे, म्हणजे तीस वर्षांत ते निम्मे होते. १९८६ मध्ये पडलेल्यापैकी निम्मे २०१६ च्या सुमारास उरले, त्याचे निम्मे व्हायला आणखी तीस वर्षे. आता यातली शेतकऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की झाडाच्या मुळांना सिझियम आणि पालाश यांतला फरक नीट कळत नाही. पालाश समजून ती सिझियम आत घेतात. जमिनीत पालाश भरपूर असेल तर मुळे त्यावर भागवतात, कमी असेल तर मिळेल ते उचलतात. चिकणमाती असेल तर तिचे कण सिझियमला घट्ट पकडून ठेवतात. वाळूची किंवा अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याची भुसभुशीत दलदलीची जमीन ते पकडून ठेवू शकत नाही. आणि दुर्दैव असे की चेर्नोबिलच्या परिसरात या दुसऱ्या प्रकारच्याच जमिनी पुष्कळ, पालाशही बेताचाच.

फोटोंकडे पुन्हा येऊ. प्रिप्यातचे जे शेकडो फोटो छापले जातात त्यांवर जरा सावधपणे विश्वास ठेवावा, असे मला वाटू लागले आहे. एका फोटोत बालवाडीतल्या लोखंडी खाटेवर बाहुली बसलेली आहे आणि तिच्या तोंडावर वायूचा मुखवटा. दुसऱ्यात टकरीच्या मोटारीत एकटेच खेळण्यातले अस्वल. पाहणाऱ्याच्या पोटात कालवते. पण बाहुलीला मुखवटा १९८६ साली कोणी चढवला नव्हता. फोटो चांगला निघावा म्हणून नंतर आलेल्या माणसांनी वस्तू हलवल्या, मांडल्या. पोर म्हणाला, त्यांच्या वाटाड्याने हे स्वतःच सांगितले आणि वर हसला. "येथे रोज मुलांचा किलबिलाट असे" अशा ओळी बागेच्या फोटोंखाली असतात, त्याही खऱ्या नव्हेत. बाग रीतसर उघडलीच नव्हती, मग रोजचा किलबिलाट कुठला? जे घडले तेच पुरेसे वाईट आहे. त्यावर मीठमसाला कशाला?

चांगले कामही झाले आहे, हे सांगितले पाहिजे. रॉबर्ट पोलिदोरी या छायाचित्रकाराने २००१ साली प्रिप्यातच्या खोल्या, वर्ग, इस्पितळे यांचे मोठे फोटो काढले आणि २००३ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. गेर्ड लुडविग हे तर १९९३ पासून वारंवार तिथे जात राहिले आणि त्यांनी घरांबरोबर माणसांचेही फोटो घेतले. आणि अगदी सुरुवातीचे म्हणाल तर इगॉर कोस्टिन. स्फोटानंतर हेलिकॉप्टरमधून त्यांनी फुटलेल्या अणुभट्टीचे फोटो काढले. फिल्म धुतली तेव्हा किरणोत्सर्गाने ती जवळजवळ सगळी काळी पडली होती, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट फिल्मला मात्र दिसली होती.

२०१७ साली पोलंडहून आलेल्या काही प्रवाशांनी हाताने जोर लावून तो पाळणा फिरवला आणि त्याचे चित्रण केले. तीस वर्षे गंजलेले चाक फिरले याचे अनेकांना कौतुक वाटले. मला वाटले नाही. एवढ्या गंजलेल्या सांगाड्याखाली उभे राहून धक्का देणे हा वेडेपणा. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडेही आता मुले बंद पडलेल्या गिरण्यांत, जुन्या कारखान्यांत, पडक्या वाड्यांत फोटो आणि चित्रफिती काढायला जातात. जाऊ नका असे म्हणणार नाही, ऐकणार कोण! पण मालकाची परवानगी घ्या, एकट्याने जाऊ नका, लोखंडी जिन्यावर आणि कुजलेल्या तुळयांवर पाय ठेवू नका. अडगळीत हात घालण्यापूर्वी काठी वाजवा. साप काय फक्त शेतातच असतो?

आता ज्यामुळे हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या वर्षी एका गावात महिला शेतकरी गटाची बैठक होती. माती परीक्षणाचे बोलणे संपल्यावर वेळ होता, म्हणून मी हे फोटो पडद्यावर दाखवले. पाळणा, मोटारी, शेवाळ, सगळे. तरुण मुली "अगंबाई" म्हणत पाहत होत्या. मागच्या रांगेत एक आजी होत्या, दोन म्हशी आणि एक गाय सांभाळणाऱ्या. त्यांनी विचारले, "साहेब, पाळणं-बिळणं राहू द्या. तितल्या गाया कुठं गेल्या?"

सबंध बैठक गप्प झाली. मीही. इतके फोटो पाहिले, पण हा प्रश्न विचारणारा फोटो एकही नव्हता.

प्रिप्यात हे शहर, तिथे गायी नव्हत्या. पण शहराभोवती खेडी होती, सामुदायिक शेते होती, आणि जवळजवळ प्रत्येक खेडुताच्या परसात घरची गाय होती. शहर एका दुपारी रिकामे झाले, ही खेडी त्यानंतर, मेच्या पहिल्या पंधरवड्यात उठवली गेली. त्या वर्षभरात एकूण सुमारे १ लाख १६ हजार माणसे हलवण्यात आली. माणसांबरोबर तीस किलोमीटरच्या पट्ट्यातून सुमारे ५० हजार गुरे आणि हजारो डुकरे, मेंढ्या, घोडेही बाहेर काढले गेले. पण नेऊन ठेवायचे कुठे आणि घालायचे काय? स्वच्छ वैरण तेवढी नव्हती. त्या उन्हाळ्यात त्यांतली पुष्कळशी जनावरे आणि आजूबाजूच्या भागातलीही अनेक कापावी लागली. जी मागे सुटली, त्यांना मारून पुरले. ज्याने घरचे जनावर एकदा जरी दावणीवरून सोडून दिले आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको.

आणि गायीचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. स्फोटात उडालेल्या द्रव्यांत एक होते आयोडीन-१३१. ते गवतावर बसले. एप्रिलअखेर म्हणजे तिकडे हिवाळा सरून नुकते कोवळे गवत फुटण्याचा काळ, गुरे गोठ्याबाहेर चरायला सोडण्याचा. गाय दिवसभरात केवढे रान चरते! त्या साऱ्या रानावरचे आयोडीन ती गोळा करते आणि दुधात उतरवते. ते दूध मुलांच्या पोटात जाते. माणसाच्या गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, तिला आयोडीन हवेच असते. चांगले कोणते, किरणोत्सारी कोणते, हे तिला कळत नाही. मुलांची ग्रंथी लहान आणि दूध पिणे जास्त, म्हणून मार त्यांनाच अधिक बसला. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या लगतच्या भागात, त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५ सालापर्यंत थायरॉईडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले. उपचाराने बहुतेक वाचले, हा त्यातल्या त्यात दिलासा. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांनी याचे एक मोठे कारण स्पष्ट सांगितले आहे: दूषित दूध.

हे टाळता आले नसते का? माझ्यासारख्या विस्तार कार्यकर्त्याला यातच सर्वांत जास्त वाईट वाटते. या आयोडीनचे अर्धायुष्य अवघे आठ दिवसांचे. दोन-अडीच महिने गेले की ते जवळजवळ संपते. तेवढे दिवस गाय गोठ्यात बांधून मागच्या हंगामातली सुकी वैरण घातली असती, मुलांना ताजे दूध दिले नसते, तर बरेचसे संकट टळले असते. दूध ओतून द्यायचीही गरज नव्हती. त्याची भुकटी किंवा चीज करून ते काही महिने ठेवले, तर आयोडीनचे विष आपोआप विरते. यात कोणते अवघड शास्त्र आहे? यातली प्रत्येक गोष्ट शेतकरी बाई तासाभरात अमलात आणू शकते. फक्त तिला कोणीतरी सांगायला हवे.

पण सांगितले नाही. प्रिप्यातमध्ये आयोडीनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, कारण ते अणुकेंद्राचे शहर होते. खेड्यांकडे तेवढे लक्ष कोणी दिले नाही. स्फोट झाल्याचे जगाला कळले तेसुद्धा २८ एप्रिलला, स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रात कामगाराच्या बुटांवरच्या धुळीने तिथली यंत्रे वाजू लागली तेव्हा. त्याच संध्याकाळी सोविएत सरकारने त्रोटक बातमी दिली. १ मेला कीव्हच्या रस्त्यावर कामगार दिनाची मिरवणूक नेहमीसारखी निघाली, मुलेही त्यात होती. पुढे मे महिन्यात सामुदायिक शेतांच्या दुधाची तपासणी सुरू झाली. परसातल्या घरच्या गायीचे दूध मात्र तपासणीच्या बाहेर राहिले, आणि तेच घरातली मुले पीत होती.

शेजारच्या पोलंडने काय केले ते पाहा. तेही त्या वेळी सोविएत गटातलेच राष्ट्र, त्यांनाही अधिकृतपणे काही कळवले गेले नव्हते. पण आपल्याच मोजणीवरून त्यांनी ओळखले आणि २९ एप्रिलपासून मुलांना आयोडीनचे औषध पाजायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत सुमारे एक कोटी मुलांना ते दिले गेले. ताज्या गवतावर गायी चारायला मेच्या मध्यापर्यंत बंदी घातली, लहान मुलांना दुधाची भुकटी पुरवली.

सिझियमशी मात्र लढाई लांबली. त्या भागातील शेतकी शास्त्रज्ञांनी काय केले? कुरणांची खोल नांगरट करून वरचा थर खाली घातला, नवे गवत पेरले, आम्लधर्मी जमिनीला चुना दिला आणि पालाशाची मात्रा वाढवली. गवतातले सिझियम निम्म्या-पावपट्टीवर आले. गायींना "प्रशियन ब्ल्यू" हे निळे रंगद्रव्य गोळीतून किंवा चाटायच्या मिठाच्या विटेतून दिले. ते पोटात सिझियमला धरून शेणावाटे बाहेर काढते, दुधात जाऊ देत नाही. मांसाचे जनावर विकण्यापूर्वी काही आठवडे स्वच्छ वैरणीवर ठेवले, तर अंगातले सिझियम उतरते. आणि हे फक्त तिकडेच नव्हे. दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, ब्रिटनमधल्या वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगरांवर त्या मेमध्ये पाऊस पडला. तिथल्या काही मेंढपाळांवर मेंढ्या विकण्याचे निर्बंध आले, ते शेवटी उठले २०१२ साली! सव्वीस वर्षे एका पावसाची किंमत मोजली त्यांनी.

आपल्या महाराष्ट्रापर्यंतही याचा एक धागा आला होता. आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्यात चेर्नोबिलच्या धुळीचा अंश असल्याची शंका घेऊन काही नागरिक मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खाण्यास योग्य असल्याचे सांगितले, आणि १९८८ मध्ये प्रकरण निकालात निघाले. लोण्यात काही निघाले नाही, ठीक. पण प्रश्न विचारला गेला, आणि मोजून उत्तर दिले गेले, हे मला महत्त्वाचे वाटते.

बैठकीत हे सगळे त्या आजींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग आता तितं कुणीच ऱ्हात न्हाई?"

राहतात. बंदी असूनही पुढच्या वर्षांत हजार-बाराशे माणसे आपापल्या खेड्यांत परत आली, बहुतेक म्हातारी, त्यांतही बायका अधिक. बटाटे लावले, कोंबड्या पाळल्या. सरकारने शेवटी त्यांच्याकडे कानाडोळा केला. आता त्यांतली मोजकीच उरली आहेत. बाकी सारे रान झाले आहे. लांडगे, सांबराच्या जातीची मोठी हरणे, रानडुकरे वाढली आहेत, आणि १९९८ मध्ये सोडलेल्या मंगोलियातल्या रानघोड्यांचे कळप आहेत. २०२० च्या एप्रिलमध्ये या रानाला मोठा वणवा लागला आणि तो प्रिप्यातच्या जवळ येऊन पोचला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे सैन्य याच वाटेने युक्रेनमध्ये शिरले, आणि महिनाभराने परत गेले. तेव्हापासून तो प्रदेश सामान्य प्रवाशांना बंद आहे, वाटांत सुरुंग पेरलेले आहेत. त्यामुळे पाळण्याचे फोटो काढायला आता कोणी जात नाही.

त्या बैठकीनंतर मी पोराला फोन केला आणि विचारले, बागेखेरीज आणखी काही फोटो आहेत का? त्याने शोधून एक पाठवला. परतीच्या वाटेवर नाक्याजवळच्या झालिस्या नावाच्या ओसाड खेड्यात गाडी थांबली होती, तेव्हा सहज काढलेला, थोडा हललेला. तो इतरांना दाखवावा असे त्याला कधी वाटले नव्हते. लाकडी घराच्या मागे छप्पर बसलेला एक छोटा गोठा आहे. दाराशी शेवाळाने हिरवी झालेली गव्हाण, आणि दाराच्या चौकटीला, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर, दोर बांधून बांधून पडलेला गुळगुळीत खाचा. हा फोटो छापून घेतला आहे. पुढच्या बैठकीला आजींसाठी नेणार आहे.